अल्प उंची व अवघड वाणी : अशा मुलास हात कसा द्यावा

दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नव्या मुलांच्या रांगेकडे आमचें लक्ष सहज जातें. कोणी उंच, कोणी ठेंगणा. कोणी पहिल्या दिवसापासून बडबड्या, तर कोणी आठवडाभर तोंड न उघडणारा. मूल दृष्टीस पडलें कीं उंचीवरून त्याचें वय ठरवावें आणि बोलण्यावरून त्याची बुद्धि ठरवावी, ही खोड आपणां सर्वांनाच जडलेली असते. शिक्षकहि तींतून सुटत नाहींत. हा अंदाज पुष्कळ वेळां बरोबर येतो, म्हणूनच त्याजवरील आपला विश्वास वाढत जातो. परंतु ज्या थोड्या मुलांच्या बाबतींत तो चुकतो, त्यांचें त्यापायीं फार मोठें नुकसान होतें.

तें कसें होतें, हें आम्हीं स्वतःच्या चुकीवरून शिकलों. अध्यापनाच्या आरंभीच्या काळांत दुसऱ्या एका गांवीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. वय नऊ वर्षें, पण दिसण्यांत सहा वर्षांचा. बोलणें नाकांतून व इतकें अस्पष्ट कीं दहा शब्दांतील एखादाच कळावा. आम्हीं त्याला शेवटच्या बाकावर बसविलें, पाटीवर रेघा ओढावयास दिल्या, आणि आपण दया करीत आहोंत अशी समजूत करून घेतली. असें जवळ जवळ एक वर्ष गेलें. एके दिवशीं भागाकार शिकवितांना त्रेचाळीस चिंचोके सहा मुलांत सारखे कसे वांटावे, असें आम्हीं वर्गास विचारलें. मुलें बोटें मोडीत बसलीं. तोंच हा मुलगा उठला, टेबलापाशीं आला, सात सात चिंचोक्यांच्या सहा ओळी मांडल्या, आणि उरलेला एक चिंचोका त्यानें आमच्या तळहातावर ठेवला. त्याला भागाकार कोणी शिकविला नव्हता. मागच्या बाकावरून तो ऐकत मात्र होता. त्याचें एक वर्ष आम्हीं फुकट दवडलें, हें त्या एका चिंचोक्यानें आम्हांस सांगितलें.

त्या मुलाच्या विकाराचें नांव त्या वेळीं कोणी शोधलें नाहीं. आज वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे, आणि वाढ व वाणी या दोहोंवर एकदम घाला घालणारे कांहीं जन्मजात विकार नांवानिशीं ओळखले गेले आहेत. त्यांपैकीं एकाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. विकार अत्यंत दुर्मिळ आहे. परंतु त्या मुलास जें साहाय्य लागतें, तें उशिरा बोलणाऱ्या दुसऱ्याहि पुष्कळ मुलांच्या उपयोगीं पडणारें आहे.

या विकारास इंग्रजींत 'फ्लोटिंग-हार्बर सिंड्रोम' असें म्हणतात. शब्दशः पाहूं गेल्यास 'तरंगतें बंदर' असा चमत्कारिक अर्थ निघतो. परंतु त्या अर्थाचा लक्षणांशीं कांहीं एक संबंध नाहीं. हीं दोन इस्पितळांचीं नांवें आहेत. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं रूफस टोबी नांवाचे एक पाद्री होते. उन्हाळ्यांत दाट वस्तींतील तान्हीं मुलें आजारी पडत, आणि समुद्राची मोकळी हवा मिळावी म्हणून त्यांच्या आया त्यांना कडेवर घेऊन पुलावर फिरत. हें पाहून टोबी यांनीं १८९४ सालीं बोस्टनच्या बंदरांत एका जहाजावर मुलांचें इस्पितळ सुरू केलें. पुढें १९२७ सालीं इस्पितळाचें जहाज आगींत जळालें व १९३१ सालापासून इस्पितळ जमिनीवर आलें. तरी 'फ्लोटिंग', म्हणजे तरंगतें, हें त्याचें नांव पुढेंहि पुष्कळ वर्षें टिकलें. तेथील डॉ. पेलेटिए व डॉ. फाइनगोल्ड यांनीं १९७३ सालीं अशा एका मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें. दुसऱ्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील टॉरन्स येथील हार्बर जनरल हॉस्पिटलांतून तशाच लक्षणांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोन्ही इस्पितळांचीं नांवें जोडून विकारास नांव पडलें.

आतां लक्षणें पाहूं. असें मूल जन्मतःच वजनानें बहुधा कमी असतें, आणि पहिल्या कांहीं वर्षांत त्याची उंची बरोबरीच्या मुलांच्या मानानें फार मागें राहते. हाताचें क्ष-किरण चित्र घेतलें तर हाडांची वाढ वयाच्या मागें असल्याचें दिसतें; ही उणीव साधारणतः सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान भरून येते, पण उंची मात्र कमीच राहते. अशीं माणसें मोठेपणीं बहुधा १४० ते १५५ सेंटिमीटर उंच होतात. चेहरा त्रिकोणी, डोळे खोल, पापण्यांचे केंस लांब, नाकाचा शेंडा रुंद, तोंड रुंद व ओंठ पातळ, बोटांचीं टोंकें पसरट, अशी ठेवण पुष्कळांत आढळते. आणि सर्वांत ठळक लक्षण म्हणजे वाणी. बोलणें फार उशिरा येतें, शब्द अस्पष्ट असतात, आवाज बारीक किंवा नाकांतून येणारा असतो.

परंतु एकेक लक्षण घेऊन कोणीं घाबरून जाऊं नये. बुटकेपणा तर कित्येक घरांत पिढीजात असतो, आणि निरोगी मुलांतहि कोणी उशिरा बोलतें. अनेक लक्षणें एकत्र दिसलीं तरच तज्ज्ञ डॉक्टरास संशय येतो, आणि शेवटचा निर्णय रक्तावरून केलेल्या जनुकांच्या तपासणीनेंच होतो.

या विकाराचें मूळ काय? आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रें असतात व त्यांवर जनुकें असतात. शरीर कसें घडवावें याच्या सूचनाच जणूं त्यांत लिहिलेल्या आहेत. सोळाव्या गुणसूत्रावरील एस्.आर्.सी.ए.पी. या जनुकांत दोष झाल्यामुळें हा विकार होतो, असा शोध २०१२ सालीं लागला. हें जनुक जें प्रथिन बनवितें, तें दुसरीं अनेक जनुकें योग्य वेळीं चालू वा बंद करण्याच्या कामीं उपयोगी पडतें. सूचनेच्या अखेरच्या भागांत चूक झाली म्हणजे प्रथिन अपुरें, तुटकें असें तयार होतें. एकाच ठिकाणच्या चुकीचे परिणाम हाडांवर, चेहऱ्यावर व वाणीवर असे अनेक ठिकाणीं कां दिसतात, याचा उलगडा यावरून होतो.

येथें पालकांनीं, विशेषतः घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं, एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेंच झालेला असतो. आईच्याहि रक्तांत तो नसतो व बापाच्याहि नसतो. गरोदरपणीं आईनें काय खाल्लें, ग्रहणांत ती बाहेर गेली काय, विळी हातीं धरली काय, या गोष्टींशीं त्याचा लेशमात्र संबंध नाहीं. तो कोणाच्या पापाचें फळ नाहीं. असें असतांहि आपल्या समाजांत बोल लागतो तो आईला. आणि जी सून सासरीं सकाळ संध्याकाळ टोमणे ऐकते, तिच्या अंगीं मुलाला शंभर वेळां तोच शब्द शिकविण्याचें बळ कोठून यावें? म्हणून अशा मुलास पहिलें साहाय्य करावयाचें तें त्याच्या आईस दोष देणें थांबवून. पुढील अपत्याविषयीं शंका असेल तर अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ज्यास स्वतःस हा विकार आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यास मात्र तो होण्याचा संभव निम्मा असतो.

आतां वाणीकडे वळूं. आपण 'पाणी' हा शब्द किती सहज उच्चारतों! पण तेवढ्यासाठीं ओंठ मिटणें, उघडणें, जीभ टाळूस लावणें, श्वास कधीं तोंडांतून तर कधीं नाकांतून सोडणें, इतकीं कामें क्षणांत व क्रमानें व्हावीं लागतात. या मुलांच्या मनांत शब्द असतो, परंतु त्या हालचालींचा क्रम मेंदूकडून ओंठांकडे व जिभेकडे नीट पोंचत नाहीं. कित्येकांचे त्या भागांतील स्नायूहि दुर्बळ असतात. टाळूचा पडदा वेळेवर बंद न झाला तर श्वास नाकांतून निसटतो आणि 'बाबा' म्हणावयास जावें तर 'मामा' ऐकूं येतें. यांत हट्ट नाहीं, आळस तर नाहींच नाहीं.

या मुलांना समजण्यांतहि कांहीं अडचण असते, आणि बुद्धीची वाढ सर्वांत सारखी नसते. कोणास शिकण्यांत थोडें, तर कोणास पुष्कळ साहाय्य लागतें. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु सामान्यतः त्यांना जितकें बोलतां येतें, त्याहून अधिक समजत असतें. हें अंतर जो ओळखील, तोच त्यांचा खरा शिक्षक.

घरीं काय करावें? पहिली गोष्ट, वाट पाहत बसूं नये. "मुलगे उशिराच बोलतात," "याचा बापहि असाच उशिरा बोलला," अशा समजुतींत महत्त्वाचीं वर्षें निघून जातात. जिभेस वेखंड चोळल्यानें वाणी फुटत नाहीं. प्रथम कानांची तपासणी करावी, कारण या मुलांना कान फुटण्याचा व त्यामुळें कमी ऐकूं येण्याचा त्रास होऊं शकतो. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे लोक ज्यांस स्पीच थेरपिस्ट म्हणतात, त्यांजकडे जावें. मुंबईस वांद्रें येथें अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं अंगणवाडींत व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते व गरजू मुलांना पुढील उपचारांसाठीं पाठविलें जातें, त्याचाहि लाभ घ्यावा.

दुसरी गोष्ट, वाणी येईपर्यंत भाषा अडवून ठेवूं नये. पुठ्ठ्यावर कांहीं चित्रें चिकटवावीं: पाणी, जेवण, शौच, झोंप, आई. त्यांत 'नको', 'पुरे', 'दुखतें' व 'पुन्हां' हीं चार चित्रें अवश्य असावीं. ज्या मुलास 'नको' म्हणतां येत नाहीं, तें ताट लोटून देतें, आणि आपण त्यास उर्मट म्हणतों. ज्यास 'दुखतें' सांगतां येत नाहीं, त्याचा ताप आपणांस उशिरा कळतो. चित्रें व हातांच्या खुणा दिल्यास मूल बोलण्याचा आळस करील, अशी भीति पुष्कळांस वाटते. परंतु तज्ज्ञांचा अनुभव याच्या उलट आहे. खुणांनीं बोलणें अडत नाहीं. आपलें म्हणणें पोंचतें हा विश्वास आला म्हणजे मुलाचा धीर वाढतो व शब्दांसहि पुष्कळदां साहाय्य होतें.

तिसरी गोष्ट, थोडें पण रोज. दिवसांतून पांच पांच मिनिटें चार वेळां केलेला सराव, आठवड्यांतून एकदां तासभर केलेल्या सरावाहून बरा. समोरासमोर बसून प्रथम ओंठांवर दिसणारे 'प', 'ब', 'म' हे वर्ण घ्यावे, आणि निरर्थक अक्षरांपेक्षां रोजच्या उपयोगाचे शब्द घ्यावे. मूल 'पाई' म्हणालें तर "नीट म्हण, नाहींतर देणार नाहीं," असें दरडावूं नये. "पाणी. गार पाणी हवें," असें म्हणून पेला पुढें करावा, बरोबर शब्द त्याच्या कानीं पडला व त्याचा मानहि राहिला. "काय पाहिजे?" असें विचारण्यापेक्षां "दूध कीं केळें?" असें विचारावें. आणि विचारल्यावर मनांतल्या मनांत दहापर्यंत अंक मोजावे. हें मौन मोठ्या माणसांस फार जड जातें. पण त्या दहा अंकांतच मुलाचा शब्द जुळत असतो. घरांतील दुसऱ्या भावंडानें त्याच्या वतीनें उत्तर देण्याची घाई करूं नये.

शरीराच्या वाढीसाठींहि डॉक्टरांची देखरेख हवी. उंची व वजन ठराविक काळानें मोजून वहींत लिहावें. मूत्रपिंडें, रक्तदाब, डोळे व दांत यांची तपासणी करून घ्यावी, कारण या विकारांत त्या ठिकाणींहि दोष आढळतात. वाढीच्या संप्रेरकाचें इंजेक्शन कांहीं मुलांना देण्यांत आलें आहे, पण तें सर्वांसाठीं नाहीं. त्याचा निर्णय अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडेच सोंपवावा. बाजारांतील उंची वाढविणाऱ्या चूर्णांवर व गोळ्यांवर पैसा उधळूं नये. विकार मुळापासून घालविणारें औषध आज उपलब्ध नाहीं. परंतु शिक्षणानें व उपचारानें मुलाच्या जीवनांत पुष्कळ फरक पडतो.

शाळेचें कर्तव्य याहून कमी नाहीं. आपल्या शाळांत शिक्षणाचा केवढा भाग तोंडी असतो! हजेरीस उत्तर द्या, कविता म्हणा, पाढे म्हणा, उभें राहून वाचा. जो मुलगा तोंडानें 'सात सक बेचाळीस' म्हणूं शकत नाहीं, त्यानें तक्त्यावरील आंकड्यावर बोट ठेवलें तरी त्याला पाढा आला असेंच समजावें. हजेरीस त्यानें हात वर करावा. प्रश्नाचीं तीन उत्तरें लिहून त्यांतून त्यानें एक निवडावें. बाक उंच असेल तर पायांखालीं पाट द्यावा, खुंटी खालीं ठोकावी, फळ्याच्या खालच्या भागावर त्याच्यासाठीं जागा ठेवावी. या मुलांपैकीं कांहीं चंचल असतात व त्यांचें लक्ष फार वेळ टिकत नाहीं; त्यांना काम लहान लहान भागांत द्यावें व मधून उठूं द्यावें.

कायदाहि अशा मुलांच्या पाठीशीं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ सालीं झाला, त्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें गणलीं असून वाचा व भाषेचें अपंगत्व, बौद्धिक अपंगत्व व खुजेपणा यांचा त्यांत समावेश आहे. ज्याचें अपंगत्व ठरलेल्या प्रमाणाचें आहे, अशा मुलास सहा ते अठरा वर्षें वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यानें दिला आहे. प्रमाणपत्र वेळीं काढून ठेवलें म्हणजे परीक्षेंतील सवलती मागतांना धांवपळ होत नाहीं. तें काढण्यांत लाज मानण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुम्हांसाठीं. जें काम डॉक्टरांना व शिक्षकांना साधत नाहीं, तें तुम्हांस साधतें, कारण मधल्या सुटींत मुलाजवळ आम्ही नसतों, तुम्ही असतां. तुमच्या वर्गांत ठेंगणा व अस्पष्ट बोलणारा सोबती असेल तर त्याला उचलून घेऊं नका, त्याचे गाल ओढूं नका. तो तुमच्याच वयाचा आहे व त्याला तें आवडत नाहीं. त्याला 'गेंगाण्या' म्हणून चिडवूं नका व त्याच्या आवाजाची नक्कल करूं नका. नाटकांत त्याला दर वर्षीं बाळाचेंच काम देऊं नका. भालदार, टपालवाला, राजाचा प्रधान, यांपैकीं कोणतेंहि काम तो करील. तो काय म्हणाला तें कळलें नाहीं तर कळल्याचें सोंग करून मान हालवूं नका. "मला समजलें नाहीं, पुन्हां सांग, नाहींतर दाखीव," असें सरळ म्हणा. सोंग त्याला लगेच ओळखूं येतें, आणि एकदां तें ओळखलें कीं तो तुमच्याशीं बोलणें सोडून देतो. खेळांत गुण मांडण्याचें काम देऊन त्याला बाजूला बसवूं नका. त्याला खेळावयास घ्या.

पालकहो, आपल्या घरीं असें मूल नसेल, परंतु शेजारीं असेल, नात्यांत असेल. त्याच्या आईस "अजून बोलत नाहीं का?" असें विचारण्याऐवजीं त्या मुलासच कांहीं विचारा, आणि उत्तराची वाट पाहा. तें शब्दानें येईल, बोटानें येईल, किंवा नुसत्या डोळ्यांनीं येईल, पण येईल.

त्या चिंचोक्यांच्या दिवसानंतर आम्हीं त्या मुलास पुढच्या बाकावर घेतलें. त्याचें बोलणें वर्ष अखेरीसहि फारसें स्पष्ट झालें नव्हतें. गणिताच्या परीक्षेंत मात्र त्यानें सर्व उदाहरणें पाटीवर सोडवून दाखविलीं, आणि त्याचे वडील तें पाहावयास शेतावरचें काम टाकून आले होते. ते आम्हांस इतकेंच म्हणाले, "गुरुजी, आम्हांला वाटलें होतें, याला कांहीं कळत नाहीं." आम्हांसहि तसेंच वाटलें होतें, हें त्यांना सांगण्याचें धैर्य त्या दिवशीं आम्हांस झालें नाहीं, म्हणून तें येथें लिहून ठेविलें आहे.